बेसबॉल कार्डांची पारख: काय घ्यावं, कसं बघावं, कसं जपावं

माझ्या टेबलाच्या खणात थर्मन मन्सनचं १९७१ चं टॉप्स कंपनीचं बेसबॉल कार्ड आहे, क्रमांक ५. आडवं कार्ड, होम प्लेटपाशी उडालेली धूळ, त्या धुळीत न्यूयॉर्क यँकीज संघाचा हा कॅचर (यष्टिरक्षक), आणि एका बाजूला नवोदितांच्या मानाचा छोटा चषक. मन्सन पुढे यँकीजचा कर्णधार झाला आणि १९७९ मध्ये विमान अपघातात गेला. टॉप्सच्या त्या वर्षीच्या सगळ्या कार्डांना काळी चौकट आहे. काळ्या चौकटीचा कोपरा नुसता घासला तरी आतला पांढरा पुठ्ठा दिसायला लागतो, म्हणून १९७१ ची स्वच्छ कार्डं फार कमी उरली आहेत.

हे कार्ड मी न्यू जर्सीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेल्या कार्ड शोमध्ये घेतलं. चारही कोपरे काळेभोर दिसत होते. रात्री घरी टेबललॅम्पखाली कार्ड तिरकं धरलं, तर कोपऱ्यांचा काळा रंग चौकटीच्या काळ्याहून वेगळा, किंचित जांभळट दिसला. मग कार्डाची कड उजेडाकडे फिरवली. पुठ्ठ्याची कड पांढरी असायला हवी, आणि इथे कोपऱ्याजवळ शाई आत झिरपलेली. कुणीतरी काळ्या मार्करने कोपरे रंगवले होते. विकणाऱ्याला ते माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. कार्ड मी ठेवून घेतलं, कारण नव्याने या छंदात येणाऱ्याला शिकवायला त्याच्याइतकं उपयोगी माझ्याकडे दुसरं काही नाही.

या छंदात पैसा, नशीब, गुंतवणूक यांची चर्चा फार होते. माझं म्हणणं एकच आहे: आधी कार्ड बघायला शिका. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: स्वस्त कार्डं हाताळा

महागाचं एकही कार्ड घेण्याआधी महिनाभर स्वस्त कार्डांवर हात बसवा. त्यासाठी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातली आणि १९९० च्या सुरुवातीची कार्डं उत्तम. त्या काळाला संग्राहक ‘जंक वॅक्स’ म्हणतात. पॅक मेणकागदात यायचे म्हणून वॅक्स, आणि कंपन्यांनी कार्डं एवढी छापली की त्यांना भावच उरला नाही म्हणून जंक. लोकांनी ती पोरांच्या कॉलेजच्या खर्चाची सोय म्हणून खोकी भरभरून ठेवली, आणि सगळ्यांनीच ठेवल्यामुळे ती आजही ढिगाने मिळतात.

१९८७ चा टॉप्सचा सेट, म्हणजे त्या वर्षीच्या कार्डांचा पूर्ण संच, ७९२ कार्डांचा आहे. लाकडाच्या फळीसारखी तपकिरी चौकट, पुढे गाजलेला खेळाडू बॅरी बाँड्स, तेव्हा तरुण, क्रमांक ३२० वर. बाहेर एकदा जेवायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात पूर्ण सेट येतो. तो घ्या आणि एकेक कार्ड हातात घेऊन बघा. चित्र चौकटीच्या मध्यावर आहे का? कोपरा टोकदार आहे की बोथट? मागचा पुठ्ठा कसा लागतो? सातशे कार्डं बघून झाली की तुमच्या बोटांना पुठ्ठ्याची जाडी आणि डोळ्यांना चांगला कोपरा कळायला लागतो. न उघडलेला पॅक मिळाला तर त्यातली च्युइंगमची गुलाबी पट्टी तोंडात घालू नका. तिला चाळीस वर्षं होत आली आहेत, आणि तिला चिकटलेल्या कार्डावर तेलकट डाग हमखास असतो. तो डागही नीट बघून ठेवा, पुढे जुन्या कार्डांवर ओळखता येईल.

लहानपणी नाशिकला माझा भाऊ काडेपेट्यांचे छाप जमवायचा. दुबार आलेले छाप गल्लीतल्या मुलांशी बदलायचा. इथे अमेरिकेत माझा मुलगा लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉल स्पर्धांत, खेळायला लागला, शेजारच्या आजोबांनी त्याला बुटाच्या खोक्यात भरलेली कार्डं दिली, आणि ते खोकं मुलापेक्षा मीच जास्त वेळा उघडलं. सांगायचा मुद्दा, सुरुवात खोक्यातल्या साध्या कार्डांनीच होऊ द्या.

दुसरी पायरी: कालखंड ओळखा

कार्ड कोणत्या काळातलं आहे त्यावर त्याचा आकार, कागद, छपाई, खोटेपणाची शक्यता, सगळं ठरतं. त्यामुळे थोडा इतिहास लागतोच.

पहिली मोठी लाट सिगारेटच्या पाकिटांतून आली. पातळ पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे, त्यावर चित्र छापलं की गिऱ्हाईकही परत यायचं. १८८७ मध्ये ॲलन अँड गिंटर कंपनीच्या कार्डांत बेसबॉलपटू होते. मग १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने पांढऱ्या चौकटीची रंगीत कार्डं काढली, तीच टी२०६. मागे पीडमाँट, स्वीट कॅपोरल, सॉव्हरिन, पोलर बेअर अशा सिगारेट-तंबाखूच्या जाहिराती. यातलं पिट्सबर्ग संघाच्या होनस वॅग्नरचं कार्ड फार थोडं छापलं गेलं. त्याने परवानगी नाकारली एवढं नक्की. मुलांनी तंबाखू घ्यावी हे पटत नव्हतं म्हणून, की पैसे मिळाले नाहीत म्हणून, यावर वाद आहे. २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२.५ लाख डॉलरला गेली.

टी२०६ हे नाव कंपनीने दिलेलं नाही. ते दिलं जेफरसन बर्डिक या न्यूयॉर्क राज्यातल्या माणसाने. त्याला संधिवात होता, हातपाय आखडत चालले होते, आणि त्याने अमेरिकेत छापल्या गेलेल्या कार्डांची पहिली मोठी यादी केली. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, एन म्हणजे एकोणिसाव्या शतकातली, ई आणि आर गोळ्या-च्युइंगमची. ही अक्षरं आजही जशीच्या तशी वापरतात. त्याने तीन लाखांवर कार्डं आणि छापील कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले आणि वर्षानुवर्षं तिथे बसून स्वतःच्या हाताने वह्यांत चिकटवले. १९६३ च्या जानेवारीत काम पूर्ण केलं आणि दोन महिन्यांनी तो गेला. संग्राहक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हाच माणूस येतो.

तंबाखूनंतर च्युइंगम. १९३३ मध्ये बोस्टनच्या गाउडी कंपनीने २४० कार्डांचा सेट काढला आणि त्यात त्या काळचा सर्वांत गाजलेला खेळाडू बेब रूथ याची चार कार्डं घातली. क्रमांक १०६ मात्र त्या वर्षी छापलाच नाही. मुलं सेट पुरा करायला पॅकवर पॅक घेत राहिली. तक्रारी गेल्या तेव्हा पुढच्या वर्षी कंपनीने त्या क्रमांकाचं, नॅप लाजवे या खेळाडूचं कार्ड छापून पाठवलं. १९४८ पासून बोमन कंपनी आली, आणि १९५१-५२ मध्ये ब्रुकलिनच्या टॉप्सने बाजी पालटली.

१९५२ चा टॉप्सचा सेट या छंदाचा कणा आहे. कंपनीतल्या साय बर्जर नावाच्या तरुण माणसाने तो घडवला: मोठं कार्ड, संघाचं चिन्ह, मागे आकडेवारी. एकूण ४०७ कार्डं. शेवटचा गट, ३११ ते ४०७, बाजारात उशिरा आला. तोपर्यंत पोरांचं लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे गेलं होतं, माल पडून राहिला. १९६० मध्ये बर्जरने ती न खपलेली खोकी बार्जवर (सपाट मालवाहू बोटीवर) चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे अटलांटिकमध्ये बुडवली. त्याच गटातलं पहिलं कार्ड, क्रमांक ३११, यँकीजचा गाजलेला खेळाडू मिकी मँटल याचं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची एक अप्रतिम प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. उन्हाळ्यात आम्ही त्याच किनाऱ्यावर जातो, आणि मला दरवेळी त्या खोक्यांची आठवण येते.

१९५६ मध्ये टॉप्सने बोमन विकत घेतली आणि १९८० पर्यंत बाजार जवळजवळ एकहाती चालवला. फ्लीअर कंपनीने टॉप्सवर कोर्टात दावा लावल्यावर १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस आल्या. १९८९ मध्ये अपर डेक कंपनीने गुळगुळीत कागद, होलोग्राम आणि चकचकीत पॅक आणला, आणि पहिल्याच क्रमांकावर केन ग्रिफी ज्युनिअरचं रुकी, म्हणजे मोठ्या सेटमधलं पहिलं, कार्ड दिलं. १९९३ मध्ये टॉप्स फाइनेस्ट या सेटबरोबर रिफ्रॅक्टर, म्हणजे तिरकं धरल्यावर इंद्रधनुष्य दिसणारी कार्डं आली. तिथून पुढचा काळ ‘मॉडर्न’ म्हणायला हरकत नाही. २०२२ च्या सुरुवातीला फॅनॅटिक्स या कंपनीने टॉप्सचा कार्डांचा धंदा घेतला.

तिसरी पायरी: काय जमवायचं ते ठरवा

‘बेसबॉल कार्डं जमवते’ हे पुरेसं नाही. एवढ्याने पैसे संपतात आणि खोक्यात ताळमेळ नसलेला ढीग उरतो. विषय अरुंद करा. एक खेळाडू घ्या, एक संघ घ्या, एका वर्षाचा पूर्ण सेट घ्या, किंवा दर दशकातलं एकच कार्ड घेऊन छपाईचा प्रवास मांडा. जॅकी रॉबिन्सन हा मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधला, आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू; त्याच्यानंतर तिथे आलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंची कार्डं जमवणारे लोक मला भेटले आहेत. कुणी फक्त डावखुरे पिचर (चेंडू टाकणारे) जमवतं.

नवशिक्याला माझा सल्ला: १९६० किंवा ७० च्या दशकातला एक सेट घ्या आणि तो मध्यम किंवा खालच्या दर्जाच्या कार्डांत पुरा करा. बोथट कोपरे चालतील, बारीक चुणी चालेल, मात्र चित्र स्वच्छ हवं. अशी साधी कार्डं, ज्यांना ‘कॉमन’ म्हणतात, एक-दोन डॉलरपासून मिळतात. सेट पुरा करताना खेळाडू कळतात, संघ कळतात, कोणता क्रमांक दुर्मीळ हे पाठ होतं. १९७३ पर्यंत टॉप्स वर्षभरात कार्डं टप्प्याटप्प्याने काढायची आणि शेवटचा टप्पा बहुधा कमी छापला जायचा. त्यामुळे सेट पुरा करणाऱ्याने शेवटच्या टप्प्याची कार्डं आधी हेरावीत. स्वस्त आधी घेऊन महाग शेवटी ठेवली की सेट तिथेच अडकतो.

रुकी कार्ड या शब्दाचा अर्थही नीट समजून घ्या. खेळाडूचं मोठ्या सेटमधलं पहिलं कार्ड ते रुकी. मँटलचं जगप्रसिद्ध १९५२ चं टॉप्स हे त्याचं रुकी कार्ड नाही, ते १९५१ चं बोमन, क्रमांक २५३. २००६ पासून कार्डावरच ‘आरसी’ (रुकी कार्ड) असा शिक्का येतो. बोमनच्या कार्डांवर ‘फर्स्ट’ असा शिक्का असतो, तो खेळाडूचं बोमनमधलं पहिलं कार्ड असल्याची खूण. बहुतेकदा तो खेळाडू अजून मेजर लीगला पोचलेलाही नसतो.

चौथी पायरी: बघायला शिका

हत्यारं थोडीच लागतात. दहा पट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग, मिलिमीटरची स्वच्छ पट्टी, एकच दिवा असलेला टेबललॅम्प आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. हात धुऊन, कोरडे करून बसा. हातमोजे नकोत, त्यांनी पकड सुटते आणि कोपरा दुमडतो. कार्ड कडांवरच धरा.

आधी मोजा. १९५७ पासून आजपर्यंत टॉप्सचं नेहमीचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६३.५ बाय ८९ मिलिमीटर. १९५२ ते ५६ ची टॉप्स मोठी, साधारण ६६.७ बाय ९५ मिलिमीटर. टी२०६ चिमुकली, ३६.५ बाय ६६.७ च्या आसपास. कारखान्यातल्या कापणीत थोडा फरक पडतोच, पण जुनं कार्ड लहान भरलं आणि कोपरे नव्यासारखे तीक्ष्ण असले तर सावध व्हा. झिजलेले कोपरे घालवायला कडा कापतात, त्याला ‘ट्रिमिंग’ म्हणतात. शंका आली की त्याच वर्षाच्या चार साध्या कार्डांमध्ये ते उभं धरून बघा. कापलेली कड बाकीच्यांपेक्षा उजळ दिसते आणि बोटाला वेगळी लागते.

मग सेंटरिंग, म्हणजे चित्र चौकटीच्या किती मध्यावर आहे ते. समोरासमोरच्या चौकटींची रुंदी मोजा. एक बाजू ३ मिलिमीटर आणि दुसरी २ असेल तर ते ६०/४० झालं. जुन्या कार्डांत हे चांगलंच मानतात. नव्या कार्डाला ग्रेडिंग कंपनीकडून (त्याबद्दल पुढे) सर्वोच्च १० गुण हवे असतील तर ५५/४५ च्या आत लागतं.

पृष्ठभाग बघायला खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, कार्ड दिव्याखाली धरा आणि हळूहळू तिरकं करा. सरळ बघताना न दिसणारी चुणी या कोनात अचानक रेघेसारखी चमकते. दोन्ही बाजूंनी बघा, मागच्या बाजूच्या चुण्या बऱ्याचदा विकणाऱ्याच्याही नजरेतून सुटलेल्या असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक सुरकुती असेल तर ती फोटोत कधीच येत नाही.

आता भिंग लावा, कारण नक्कल इथे पकडली जाते. टी२०६ च्या खालच्या पट्टीत खेळाडूचं नाव तपकिरी शाईत छापलेलं आहे. अस्सल कार्डात ते अक्षर भिंगाखाली सलग, भरीव दिसतं. स्कॅन करून छापलेल्या नकलेत तेच अक्षर लाल, निळ्या, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांनी भरलेलं दिसतं. चित्रात ठिपके असणं ठीक, अक्षरांत आणि चौकटीच्या रेघांत नको. १९५० च्या दशकातल्या कार्डांच्या काळ्या रेघांनाही हीच कसोटी लावा. एकदा एक अस्सल कॉमन आणि एक दोन डॉलरची नक्कल शेजारी ठेवून बघा, दहा मिनिटांत फरक डोळ्यात बसतो.

शेवटी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारापासून कागदात उजळपणा आणणारी रसायनं घालायला लागले. अंधारात टॉर्च मारल्यावर १९१० चं म्हणवणारं कार्ड निळसर पांढरं लखलखलं, तर ते १९१० चं नाही. मार्करने रंगवलेला भागही या उजेडात अनेकदा वेगळा उठून दिसतो. माझ्या मन्सनच्या कार्डावर मी नंतर टॉर्च मारला, चारही कोपरे डागासारखे वेगळे दिसले.

सगळ्या नकला फसवणुकीच्या नसतात. टॉप्सने १९८३ मध्ये १९५२ चा सेट स्वतःच पुन्हा छापला. तो आकाराने लहान, आजच्या मापाचा आहे आणि तसा उल्लेखही कार्डावर आहे. पण असं कार्ड जुन्या फ्रेममध्ये घालून घरगुती विक्रीत ‘आजोबांचं कार्ड’ म्हणून मिळतं. पट्टी जवळ असली की गोंधळ होत नाही.

पाचवी पायरी: विकत घेणं

जवळच्या कार्ड शोमध्ये आधी एक फेरी नुसती बघत मारा. किमती टिपून ठेवा. टेबलामागचे बरेच लोक तीस-चाळीस वर्षं यात आहेत. त्यांना खरा प्रश्न विचारला की ते मनापासून सांगतात. घासाघीस चालते, पण सभ्यपणे. ‘या तीन कार्डांचे मिळून किती घ्याल?’ असं विचारा. रोख पैसे जवळ ठेवा. कार्ड टॉप लोडरमधून, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पाकिटातून, बाहेर काढून बघण्याआधी परवानगी घ्या. मन्सनच्या वेळी मी हेच विचारलं नव्हतं, प्लास्टिकमधूनच बघितलं.

ऑनलाइन घेताना मागितलेली किंमत बघू नका. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावा, त्याच कार्डाचे त्याच दर्जातले गेल्या दोन-तीन महिन्यांतले सौदे बघा आणि त्यांची मधली किंमत धरा. याला ‘कॉम्प्स’ म्हणतात. फोटो धूसर असेल तर विकणाऱ्याकडे चारही कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचे फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या. तेच कार्ड पुन्हा मिळतं, दुर्मीळ कार्डंसुद्धा वाट बघितली की फिरून येतात.

दरवर्षी उन्हाळ्यात नॅशनल स्पोर्ट्स कलेक्टर्स कन्व्हेन्शन भरतं. १९८० मध्ये लॉस एंजलिसला सुरू झालं, अलीकडे शिकागोजवळ रोझमाँट, क्लीव्हलँड, अटलांटिक सिटी असं फिरतं. एकदा तरी जा. पहिल्या दिवशी पाकीट घरी ठेवलं तरी चालेल.

भारतात राहून जमवणाऱ्यांनी टपालखर्च आणि कस्टम्स आधीच हिशेबात धरावं. दहा डॉलरच्या कार्डावर त्याहून जास्त खर्च होतो. अमेरिकेतल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर साठवून वर्षातून एकदा हातातल्या सामानात मागवणं सोयीचं पडतं.

नव्या कार्डांबद्दल

नव्या कार्डांचं जग वेगळ्या चालीचं आहे. टॉप्सची सीरीज १ साधारण फेब्रुवारीत, सीरीज २ उन्हाळ्याच्या सुरुवातीला, अपडेट सेट हंगामाच्या शेवटी येतो. एकाच खेळाडूचं एकच कार्ड दहा-वीस रंगांत छापतात, त्यांना ‘पॅरलल’ म्हणतात. काहींवर २५/९९ असा क्रमांक असतो, म्हणजे ९९ प्रतींतली पंचविसावी. एकच प्रत असलेलं ‘वन ऑफ वन’. सहीचं कार्ड ‘ऑटो’, जर्सीचा तुकडा असलेलं ‘रेलिक’. लीगचा परवाना नसलेल्या कंपन्यांच्या कार्डांवर संघाचं चिन्ह नसतं आणि त्यांना भावही कमी येतो, हे घेण्याआधी तपासा.

२०२४ च्या अखेरीला लॉस एंजलिस भागातल्या अकरा वर्षांच्या मुलाला पॅकमध्ये पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सचं पदार्पणाच्या जर्सीवरचा बिल्ला लावलेलं एकमेव कार्ड मिळालं. ते पुढच्या वर्षी ११ लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. मला त्या मुलासाठी आनंद झाला. पण ते कार्ड जगात एकच होतं, आणि पॅक लाखो. पॅकच्या मागे कोणतं कार्ड किती पॅकमागे एक येतं ते छापलेलं असतं, ते वाचा. पॅक उघडण्याचा आनंद हवा असेल तर महिन्याला ठरावीक रक्कम त्यासाठी बाजूला काढा आणि ती खर्च झाली असंच धरा. हवं ते कार्ड थेट सुटं विकत घ्या. माइक ट्राउटचं २०११ चं टॉप्स अपडेट, यूएस१७५, कुणाला पॅक फोडून शोधायचं असेल तर कितीतरी खोकी लागतील. सुटं रोज विकायला असतं.

‘ब्रेक’ म्हणजे कुणीतरी कॅमेऱ्यासमोर खोकं उघडतो, तुम्ही आधी एका संघाचे पैसे भरलेले असतात, त्या संघाची कार्डं तुमची. यापासून लांब राहा. त्यात तुम्ही कार्ड बघत नाही, पारख होत नाही, फक्त आकडा लागतो की नाही हे बघता. मुलांना तर मुळीच बसवू नका.

आणखी एक: ऐन हंगामात, खेळाडू फॉर्मात असताना त्याचं रुकी कार्ड घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत तेच कार्ड बहुधा खाली आलेलं असतं.

ग्रेडिंग

पीएसए, एसजीसी, बेकेट, सीजीसी या कंपन्या कार्ड तपासून १ ते १० गुण देतात आणि प्लास्टिकच्या बंद डबीत घालून परत पाठवतात. त्या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात, डबीबाहेरच्या कार्डाला ‘रॉ’. महागडं जुनं कार्ड घेताना स्लॅबमधलंच घ्या, निदान अस्सलपणाची खात्री मिळते. स्लॅबवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पडताळा, कारण आता डब्याही नकली येतात.

तरी स्लॅबवर आंधळा विश्वास नको. पीएसए १९९१ मध्ये सुरू झाली. तिने ज्या वॅग्नरच्या कार्डाला ८ गुण देऊन नाव कमावलं, ते कार्ड आपणच कडा कापून नीटनेटकं केलं होतं, असं बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. गुणांचा आकडा वाचण्याआधी कार्ड बघा.

स्वतःची कार्डं पाठवायची का? हिशेब साधा आहे. कार्डामागे कंपनीची फी, शिवाय जाण्यायेण्याचं टपाल आणि विमा. ग्रेड झाल्यावर किंमत त्या खर्चाच्या निदान दुप्पट वाढणार असेल तर पाठवा. नव्या कार्डांत ९ आणि १० यांच्या किमतीत मोठी दरी असते आणि ९ आलं तर बऱ्याचदा खर्चही निघत नाही. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कोणत्या कार्डाला कोणता गुण किती वेळा मिळाला याचे आकडे असतात, ते बघा. १९८९ चं ग्रिफी हे सर्वाधिक वेळा ग्रेड झालेल्या कार्डांपैकी आहे, तुमचं एक वाढल्याने भाव येणार नाही.

जपणूक

कार्ड आधी पातळ ‘पेनी स्लीव्ह’मध्ये, मग कडक ‘टॉप लोडर’मध्ये. स्लीव्हमध्ये घालताना कोपरा अडकून दुमडणं हा सगळ्यात नेहमीचा अपघात आहे. स्लीव्हचं तोंड किंचित उघडा आणि कार्ड तिरकं, एक कोपरा आधी असं सरकवा. जाडी ‘पॉइंट’मध्ये मोजतात, साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा टॉप लोडर पुरतो, जर्सीच्या जाड कार्डाला ७५ ते १३० पॉइंटचा लागतो. सेटसाठी नऊ कप्प्यांची पानं आणि फाइल. पानं पीव्हीसी नसलेली घ्या, पीव्हीसी कालांतराने चिकट होऊन कार्डाला लागतं.

रबरबँड कधीही लावू नका. जुन्या घरांतून आलेल्या कार्डांच्या दोन्ही बाजूंना जी खाच दिसते ती रबरबँडची. टॉप लोडरचं तोंड बंद करायला साधी चिकटपट्टी नको, रंगाऱ्याची निळी टेप लावा, ती डाग न ठेवता निघते. कार्ड पुसायला, इस्त्री करायला, डाग काढायला जाऊ नका.

उन्हात ठेवू नका, विशेषतः सह्या फार लवकर विटतात. तळघरात ठेवू नका. इथे न्यू जर्सीत तळघरं दमट असतात, आणि आपल्याकडे मुंबई-कोकणात पावसाळा असतो. दोन्हीकडे उपाय एकच: घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आत एक छोटं आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. चकचकीत नवी कार्डं दमट हवेत पन्हळीसारखी वाकतात, जुना पुठ्ठा बुरशी धरतो.

आणि नोंद ठेवा. वर्ष, कंपनी, क्रमांक, दर्जा, कुठून घेतलं, कितीला घेतलं, दोन्ही बाजूंचे फोटो. घराच्या विम्यात संग्रहाला बहुधा फार कमी मर्यादा असते, किंमत वाढली की विमेवाल्याला विचारून वेगळी नोंद करून घ्या. घरच्या एका माणसाला ती यादी कुठे आहे ते सांगून ठेवा. चपलांच्या खोक्यातली कितीतरी कार्डं घर आवरताना कचऱ्यात गेली आहेत.

माझी स्वतःची हव्या असलेल्या कार्डांची यादी घडी घालून पाकिटात असते. १९७१ च्या ७५२ पैकी ४१ क्रमांक राहिलेत, बहुतेक ६४४ च्या पुढचे, शेवटच्या टप्प्यातले. त्या यादीत क्रमांक ५ सुद्धा आहे.